पाहुण्यांना कॉकटेल बारमध्ये न्यायचे आहे : तिथल्या रीती कोणी समजावून सांगेल का?

मुलुंडकर (सोमवार, रात्री ९.५०)

नमस्कार. माझे वय ४७, राहणार मुलुंड, नोकरी पॅकिंगची यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीच्या विक्री विभागात. येत्या शुक्रवारी जर्मनीहून आलेले दोन ग्राहक आणि आमच्या पुणे कार्यालयातील एक सहकारी बाई अशा तिघांना घेऊन मला कुलाब्यातील एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये जायचे आहे. टेबल साहेबांनी राखून ठेवले आहे, बिल कंपनी भरणार आहे, आणि यजमान म्हणून तिथे बसायचे मात्र मला आहे.

‘बसणे’ या क्रियापदाला आपल्याकडे जो खास अर्थ आहे, त्या अर्थाने मी महिन्यातून एकदा बसतो; पण ते स्टेशनजवळच्या परमिट रूममध्ये. चार मित्र, प्रत्येकी दोन स्मॉल रम, कोमट पाणी, मसाला शेंगदाणे आणि न सांगता सगळे आणून ठेवणारा ओळखीचा वेटर. तिथे मेनूकार्ड उघडण्याचा प्रसंग पंधरा वर्षांत आलेला नाही. दोन वर्षांपूर्वी पुतण्याला बढती मिळाली तेव्हा तो मला लोअर परळच्या एका महागड्या बारमध्ये घेऊन गेला होता. कार्डावर एकाही पेयाचे नाव ओळखीचे नव्हते. प्रत्येक नावाखाली चार-पाच घटक लिहिलेले, त्यांतला ‘कोकम’ एवढा एक शब्द मला कळला, म्हणून मी त्यावर बोट ठेवले. उंच दांडीच्या नाजूक पेल्यात जेमतेम तीन घोट मावतील एवढे पेय आले. ते मी दोन घोटांत संपवले आणि सवयीने म्हणालो, ‘थोडा सोडा घालून ग्लास भरून द्या.’ तेव्हाचा पुतण्याचा चेहरा मला अजून आठवतो.

तसे पुन्हा होऊ नये म्हणून विचारतो. कार्ड कळले नाही तर काय आणि कोणत्या शब्दांत विचारावे? पाहुण्यांसमोर किंमत विचारणे वाईट दिसते का? पेय आवडले नाही तर परत देता येते, की ते असभ्य समजतात? वाढणाऱ्याला हाक कशी मारावी, कारण आमच्याकडे ‘बॉस’ म्हटले की काम होते? आमच्या सहकारी बाई बहुधा घेत नाहीत. त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये यासाठी काय करावे? आणि बक्षिसी किती ठेवावी? जाणकारांनी वेळ काढून लिहावे ही विनंती.


काउंटरमागून (सोमवार, रात्री ११.३५)

मुलुंडकर साहेब, मी अकरा वर्षे मुंबईतील बारमध्ये काउंटरच्या मागे उभा राहिलो आहे, आता नव्या मुलांना हे काम शिकवतो. आमची पंचाईत नावे माहीत नसलेल्या गिऱ्हाइकामुळे कधी होत नाही. नावे माहीत असल्याचा आव आणणाऱ्यामुळे होते. असे गिऱ्हाईक सिनेमात ऐकलेले नाव सांगून मार्टिनी मागवते, मग ती ‘फार कडक’ लागते आणि दोष आमच्या माथी येतो. मार्टिनी कडकच असते. तिच्यात ६० मिली जिन आणि घोटभर ड्राय व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली, गोड नसलेली वाईन) यांखेरीज काही नसते.

तुम्ही तीनच गोष्टी सांगा : नेहमी कोणती दारू घेता, आंबट, गोड आणि कडू यांपैकी कोणती चव आवडते, आणि पेय हलके हवे की जोरदार. ‘मी रम घेतो, फार गोड नको, लिंबाचा आंबटपणा चालेल’ एवढ्या एका वाक्यावर कोणताही बरा बारटेंडर तुम्हाला डाकिरी सुचवील. पांढरी रम, ताजा लिंबाचा रस आणि साखर, एवढेच तिच्यात असते. आपल्या लिंबू सरबताचे वयात आलेले भावंड म्हणा ना. याउलट ‘काहीतरी छान बनवा’ ही फर्माईश ऐकायला मोकळ्या मनाची वाटते, पण शुक्रवारी रात्री नऊ वाजता समोर वीस चिठ्ठ्या लटकत असताना तिच्याइतकी अडचणीची मागणी नाही. संध्याकाळी सात वाजता बार रिकामा असताना हेच म्हणालात, तर आम्ही आनंदाने बाटल्या काढून वास देत बसू.

तुमच्या सोड्याच्या प्रसंगाविषयी लिहितो, कारण त्यात लाजण्यासारखे काही नसले तरी समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे. परमिट रूममध्ये दारू आणि पाणी वेगवेगळे येते आणि मिश्रण आपण आपल्या हाताने करतो. कॉकटेलमध्ये ते काम बारटेंडरने आधीच केलेले असते. ज्यात लिंबाचा रस, दूध किंवा अंडे आहे ते पेय शेकरमध्ये जोरात हलवतात; ज्यात नुसत्या दारू आणि लिकर (म्हणजे स्वाद दिलेली गोड मद्ये) आहेत ते बर्फात लांब चमच्याने ढवळतात, म्हणजे ते गढूळ होत नाही. दोन्ही पद्धतींत बर्फ वितळून पेयात पाणी उतरते, साधारण मूळ मापाच्या पाव भागाइतके किंवा थोडे अधिक, आणि हे पाणी पाककृतीत धरलेलेच असते. म्हणून वरून सोडा मागणे म्हणजे फोडणी दिलेल्या आमटीत आणखी तांब्याभर पाणी ओतण्यासारखे आहे. लांब आणि सौम्य पेय हवे असेल तर सुरुवातीलाच तसे सांगा. उंच ग्लासात सोडा किंवा टॉनिक घालून केलेली चांगली पेये प्रत्येक कार्डावर असतात.

‘बर्फ कमी टाका’ असे पुष्कळ लोक सांगतात, दारू जास्त मिळेल या आशेने. दारू मापाने मोजून पडते, त्यामुळे ती तेवढीच राहते. कमी बर्फ मात्र लवकर वितळतो आणि पेय अधिक पाणचट होते. मोठा, काचेसारखा स्वच्छ चौकोनी तुकडा वापरण्यामागे दिखाऊपणा थोडा असतो हे मी मान्य करतो, पण तो सावकाश वितळतो हेही खरे. ‘जरा स्ट्राँग बनव’ असे सांगण्याऐवजी सरळ ‘यात ३० मिली जास्त घाला आणि बिलात लावा’ असे सांगावे. पहिल्या वाक्यात मला मालकाच्या बाटलीतून चोरी करण्याचे आमंत्रण असते, दुसऱ्यात नसते.

दांडीच्या पेल्यात बर्फ नसतो, म्हणून तो दांडीला धरावा, म्हणजे हाताच्या उबेने पेय तापत नाही. असे पेय दहा-पंधरा मिनिटे चांगले थंड राहते. तेवढ्या अवधीत निवांत घोट घेत ते संपवावे. तुम्ही दोन घोटांत संपवले ही घाई झाली, आणि अर्धा तास छायाचित्रे काढत बसणारे करतात ती दिरंगाई. ओल्ड फॅशन्डसारखे मोठ्या बर्फावरचे पेय गप्पांना सोबत करते, ते रेंगाळले तरी बिघडत नाही. या नावाचीही एक गंमत आहे. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देताना कॉकटेल म्हणजे दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबांनी घालायचा कडू अर्क) असे छापले होते. पुढे या मिश्रणात नाना लिकरांची भर पडत गेली, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांनी ‘आम्हाला जुन्याच पद्धतीचे द्या’ असा आग्रह धरला आणि तेच त्या पेयाचे नाव झाले. तेव्हा आपल्याला हवे ते साधेपणाने मागण्याची परंपरा जुनी आहे, संकोच नको.

मापाबद्दल मात्र सावध राहा. नेग्रोनीत जिन, कॅम्पारी ही लाल, कडवट लिकर आणि गोड व्हर्मूथ प्रत्येकी ३० मिली असते. पेला लहान दिसतो, पण त्यातले मद्य तुमच्या दोन स्मॉल पेगांइतके भरते. यजमानाने दोनवर थांबावे, आणि दोन्हींच्या मध्ये एक पूर्ण ग्लास पाणी प्यावे. पाणी मागितले म्हणून कोणी तुम्हाला कमी लेखणार नाही. आम्हाला उलट हायसे वाटते.

हाकेविषयी म्हणाल तर ‘भाऊ’, ‘दादा’, ‘एक्सक्यूज मी’, काहीही चालते, ‘बॉस’सुद्धा. चुटकी, शिट्टी आणि हवेत फडकवलेली पाचशेची नोट चालत नाही. तिशी ओलांडलेल्या माणसाला ‘छोटू’ म्हणू नये. नजरानजर झाली की हात किंचित वर करावा आणि थांबावे. तुम्हाला पाहिले आहे, हे आम्ही मानेने कळवतोच.

पेय परत देण्याचा नियम सोपा आहे. पहिल्या-दुसऱ्या घोटातच सांगावे. बनवण्यात चूक असेल किंवा तुम्ही नको म्हटलेला घटक आला असेल तर ते बदलून मिळालेच पाहिजे. नुसते आवडले नसेल तर तेही सांगावे. बहुतेक ठिकाणी आम्ही थोडे लिंबू किंवा साखर घालून सुधारतो, कधी बदलूनही देतो, पण तो आमचा चांगुलपणा, तुमचा हक्क नव्हे. अर्धा पेला रिकामा झाल्यावरची तक्रार कोणालाच पटत नाही.

तुम्ही चौघे आहात, तेव्हा टेबलावरच बसा. काउंटरच्या खुर्च्या एकट्यादुकट्यासाठी असतात. आणि चौघांची फर्माईश एकदम सांगा. एकाचे पेय आल्यावर दुसऱ्याने विचार सुरू केला, की त्या टेबलावर पेले कधीच एकत्र उचलले जात नाहीत.


सोनचाफा (मंगळवार, सकाळी १०.१५)

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण यजमानाच्या बाजूने दोन गोष्टी राहिल्या आहेत असे मला वाटते.

पहिली गोष्ट किमतीची. एकटे असताना किंमत विचारण्यात कसलाही कमीपणा नाही, विशेषतः कार्डावर नसलेले पेय सुचवले जात असेल तर ती विचारावीच. पण आपण कोणाला जेवायला बोलावले आणि त्याच्यासमोर पापलेटचा भाव विचारू लागलो, तर पाहुणा मुकाट्याने वरणभात मागवतो. इथेही तसेच होते. बहुतेक बारची कार्डे त्यांच्या संकेतस्थळावर असतात. ती आदल्या दिवशी पाहा, मुंबईत चांगल्या ठिकाणी एका कॉकटेलला साधारण ८०० ते १,५०० रुपये आणि मोठ्या हॉटेलांत त्याहूनही अधिक पडतात हे धरून चला, आणि साहेबांकडून आकडा मंजूर करून घ्या. मग टेबलावर पैशांचा विषयच निघणार नाही. बिल तुमच्याच हाती यावे, हे आत शिरतानाच हळूच सांगून ठेवा, म्हणजे शेवटी फोल्डरची ओढाताण होत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या सहकारी बाईंची. त्या ‘बहुधा घेत नाहीत’ हे तुम्ही कशावरून ठरवले, हे लिहिलेले नाही. मी गेली बारा वर्षे नोकरीच्या निमित्ताने आणि स्वतःच्या हौसेनेही बारमध्ये जाते. मी व्हिस्की मागवते आणि वाढपी ती माझ्या शेजारच्या पुरुषासमोर ठेवून त्याचे गुलाबी, छत्री खोचलेले पेय माझ्यापुढे सरकवतो, हा अनुभव इतक्या वेळा आला आहे की आता आम्ही हसून पेले बदलून घेतो. तुम्ही त्यांच्या वतीने काही ठरवू नका, सुचवू नका, ‘यांच्यासाठी काहीतरी हलके’ असे तर मुळीच म्हणू नका. कार्ड आधी पाहुण्यांच्या आणि त्यांच्या हाती द्या आणि त्या काय मागवतात ते ऐका.

एकट्या बसलेल्या अनोळखी बाईला पेय पाठवणे हा प्रकार सिनेमात शोभतो. न्यूयॉर्कमध्ये १९९९च्या अखेरच्या दिवशी साशा पेट्रास्की यांनी ‘मिल्क अँड हनी’ नावाचा छोटासा बार उघडला, ज्याची छाप पुढे जगभरच्या कॉकटेल बारवर पडली. तिथे नियमांची पाटीच होती. पुरुषांनी बायकांशी आपणहून ओळख काढायची नाही हा तिच्यातला एक नियम; बाईला बोलावेसे वाटले तर तिने बोलावे किंवा बारटेंडरला ओळख करून द्यायला सांगावे. आरडाओरडा नाही, मोठ्या लोकांच्या ओळखी सांगून मिरवणे नाही. मुंबईतल्या काही ठिकाणी ती पाटी मराठीत लावावी अशी माझी फार इच्छा आहे.

कपड्यांचे विचारले नाहीत तरी सांगते : अर्धी चड्डी आणि चपला-सँडल घातलेल्या पुरुषांना बऱ्याच हॉटेलांच्या बारमध्ये आत सोडत नाहीत. साधी पँट, बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट पुरेसे आहेत. अत्तर मात्र बेताने लावा. पेल्यावर पिळलेल्या संत्र्याच्या सालीचा वास हा अर्धा स्वाद असतो, आणि शेजारच्या माणसाच्या मनगटावरचे अत्तर तो गिळून टाकते.


हिशेबनीस (मंगळवार, दुपारी १.४०)

मी कर सल्लागार आहे, त्यामुळे मला बार आठवतो तो बिलाच्या शेवटच्या पाच ओळींवरून. कंपनीचे बिल असल्याने या ओळी तुम्हालाही लेखा विभागाला समजावून द्याव्या लागतील.

पिण्याच्या मद्यावर जीएसटी लागत नाही; त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा हा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. मोठ्या तारांकित हॉटेलांचा दर त्याहून चढा असतो. खाण्याच्या पदार्थांवर आणि बिनमद्याच्या पेयांवर मात्र जीएसटी असतो. म्हणून एकाच टेबलाचे दोन भाग केलेले बिल येते, त्यात फसवणूक नसते.

सर्व्हिस चार्जचे तसे नाही. तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून तो आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. बिलात तो दिसला तर शांतपणे काढायला सांगता येते. पाहुण्यांसमोर वाद घालू नये एवढेच. उठून काउंटरपाशी जावे. तो काढायला लावल्यावर वाढणाऱ्याच्या हाती काही न ठेवता निघून जाणे मात्र मला कद्रूपणाचे वाटते. बक्षिसीचा ठरलेला नियम आपल्याकडे नाही. सेवा चांगली असेल तर मी बिलाच्या ५ ते १० टक्के ठेवतो, शक्यतो रोख, कारण कार्डावर दिलेली रक्कम त्या मुलापर्यंत कधी पोहोचेल ते मालकावर असते.

आता कायदा. ‘परमिट रूम’ हे नाव आपण इतक्या सहजपणे घेतो, की त्यातले परमिट आपल्या नावावर असावे लागते हे कोणाला आठवत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि त्यानुसार मद्य पिण्यासाठी परवाना लागतो : एका दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना आणि आजीवन १,००० रुपयांना. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तो ऑनलाइन अर्ज करूनही मिळतो. वयाची अट बिअर आणि वाईनसाठी २१, बाकी सगळ्या दारूसाठी २५. पाहुणे तरुण दिसत असतील तर त्यांना पासपोर्ट जवळ ठेवायला सांगा. दारावर वयाचा पुरावा मागितला तर तो अपमान समजू नये.

आणि गाडी घेऊन जाऊ नका. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एका नेग्रोनीचा वर दिलेला हिशेब पाहिलात, तर ही मर्यादा किती जवळ आहे ते लक्षात येईल.


ताकभात (मंगळवार, सायंकाळी ६.०५)

मी दारू घेत नाही आणि तरीही कामामुळे महिन्यातून दोनदा बारमध्ये बसतो, म्हणून त्या बाजूचे दोन शब्द.

न पिणाऱ्याला सर्वांत जास्त त्रास आग्रहाचा होतो, आणि त्याच्या खालोखाल चौकशीचा. ‘का घेत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर औषध, उपवास, गरोदरपण, घरातले एखादे जुने दुःख, काहीही असू शकते, आणि ते चारचौघांत द्यायचे नसते. ‘आपण काय घेणार?’ एवढेच विचारावे आणि जे उत्तर येईल ते इतरांच्या फर्माइशीच्याच स्वरात वाढणाऱ्याला सांगावे.

चांगल्या बारमध्ये बिनमद्याची पेयेही तितक्याच काळजीने बनवतात. मी सहसा ‘कोकम, जिरे, मीठ आणि सोडा, साखर नको’ असे सांगतो आणि ते त्याच पेल्यात द्यायला सांगतो ज्यात इतरांचे येणार आहे. सगळ्यांपुढे नक्षीदार काच आणि आपल्यापुढे नळी घातलेली शीतपेयाची बाटली, असे बसले की आपण वाढदिवसाला आलेल्या मुलांपैकी एक आहोत असे वाटते.


मुलुंडकर (बुधवार, रात्री १०.२०)

सर्वांचे मनापासून आभार. सोनचाफा यांचा मुद्दा लागू पडला. मी खरोखरच कशावरूनही ठरवलेले नव्हते. त्या पुण्याच्या आहेत आणि कार्यालयात साडी नेसून येतात, एवढाच माझा आधार होता, तो लिहिताना मलाच कसनुसे झाले.

एक शंका राहिली. पाहुण्यांपैकी थोरले गृहस्थ पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत, असे आज कळले. पेयात ही अडचण येत नसावी असे मी गृहीत धरतो आहे, ते बरोबर आहे ना?


काउंटरमागून (बुधवार, रात्री ११.५०)

तुमचे गृहीतक बरोबर नाही, विचारलेत ते बरे केले. व्हिस्की सावर आणि पिस्को सावर यांच्यावर जो पांढरा, रेशमासारखा फेस दिसतो तो पुष्कळदा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा असतो. हल्ली काही ठिकाणी तो छोले शिजवलेल्या पाण्यापासून काढतात, पण ते विचारल्याशिवाय कळत नाही. ब्लडी मेरी पाहायला निव्वळ टोमॅटोचा रस. तिच्यात वूस्टरशायर सॉस पडतो आणि मूळ कृतीच्या त्या सॉसमध्ये अँकोव्ही नावाची मासळी असते. पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे ‘क्लॅरिफाइड’ पेय अनेकदा दूध फाडून गाळलेले असते, त्यामुळे ज्यांना दूध सोसत नाही त्यांनीही चौकशी करावी. आणि कार्डावर ‘फॅट वॉश’ असे शब्द दिसले तर दारूत एखादा स्निग्ध पदार्थ मुरवून, थंड करून, काढून टाकलेला असतो. आपल्याकडे तो बहुधा तूप किंवा खोबरेल असतो, पण कधी बेकनची चरबीही असते.

फर्माईश देतानाच ‘अंडे, मासे, मांस यांतले काही नको’ असे सांगा. हे सांगणे उपद्रवाचे नाही, ते न सांगता नंतर तक्रार करणे उपद्रवाचे आहे. पेल्यावर लावलेल्या गोष्टींबद्दलही सांगून टाकतो : ऑलिव्ह खायचे असते, सालीचा तुकडा वासासाठी असतो, आणि कडेचे मीठ नको असेल तर आधी सांगावे किंवा ज्या बाजूला ते नसेल तिथून प्यावे.


मुलुंडकर (रविवार, सकाळी ११.००)

शुक्रवारचा वृत्तान्त कळवणे माझे कर्तव्य आहे.

मी ठरलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी पोहोचलो. बार जवळजवळ रिकामा होता. काउंटरवरच्या गृहस्थांना मी सरळ सांगितले, की मला यातले काही कळत नाही, मी रम घेतो, गोड आवडत नाही आणि माझ्या पाहुण्यांपैकी एकाला अंडे चालत नाही. त्यांनी डाकिरीच सुचवली. ती मी दांडीला धरून, घड्याळ पाहत, बारा मिनिटांत प्यायलो, आणि लिंबू सरबताची उपमा किती चपखल आहे ते कळले. बिल माझ्याकडे आणायचे आणि थोरल्या पाहुण्यांची पथ्ये लक्षात ठेवायची, या दोन्ही गोष्टी त्यांनी माझ्यासमोर चिठ्ठीवर लिहून घेतल्या.

पाहुणे आले. थोरल्यांनी बिअर मागवली, त्यामुळे माझा अर्धा अभ्यास वाया गेला. धाकट्यांनी नेग्रोनी घेतली. सहकारी बाईंनी कार्ड न उघडता सांगितले, ‘ड्राय मार्टिनी, जिन, सालीऐवजी ऑलिव्ह.’ वाढणाऱ्याने ती मार्टिनी माझ्यापुढे ठेवली आणि माझे पेय त्यांच्यापुढे. मी सोनचाफा यांना मनोमन नमस्कार केला आणि पेले बदलले.

चूक झाली ती वेगळीच. पेले उचलल्यावर माझे सगळे लक्ष पेय सांडू नये याकडे, म्हणून मी पेल्याकडे पाहत राहिलो. थोरले गृहस्थ हात तसाच धरून थांबले. आमच्याकडे पेला टेकवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहतात, असे त्यांनी हसत सांगितले आणि पुन्हा सर्वांना पेले उचलायला लावले. दुसऱ्या वेळी मी डोळ्यांत पाहिले आणि चार थेंब शर्टाच्या बाहीवर सांडले.

मी दोनवर थांबलो, आधीची धरून. तिसऱ्या फेरीला ताकभात यांचे कोकम, जिरे, मीठ आणि सोडा हे शब्द जसेच्या तसे उच्चारले आणि नक्षीदार पेला मागितला. धाकट्या पाहुण्यांनी तो उचलून वास घेतला, एक घोट चाखला आणि स्वतःसाठीही तेच मागवले. बिलात सर्व्हिस चार्ज नव्हता. बक्षिसी मी रोख ठेवली. पाहुणे लिफ्टने खोल्यांकडे गेले, सहकारी बाई माझ्यासोबत टॅक्सीने सीएसएमटीला आल्या, आणि कल्याण लोकलची वाट पाहताना त्यांनी विचारले, ‘तुम्हाला हे सगळे कोणी शिकवले?’ मी पुतण्याचे नाव सांगितले. तो हे वाचत असेल तर त्याने ते खरे धरू नये.